उंडीचं कडू तेल

(नौपाडा, ठाणे इथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यातल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय 'त्वचेसाठी तेलं : बदाम, खोबरेल आणि उंडी'. बदाम आणि खोबरेल तुमच्या घरात आहेतच. मी आज उंडीवर जास्त बोलणार, कारण गेली चार वर्षं हा विषय माझ्या डोक्यात खदखदतोय आणि एवढी माणसं एका जागी ऐकायला बसलेली पुन्हा कधी मिळतील कोण जाणे.

उंडीचं झाड पाहिलेल्यांनी हात वर करा बघू. वा! म्हणजे गुहागर, श्रीवर्धन, मालवण सगळं हजर आहे. घाटावरच्यांनी शेजाऱ्याला विचारा, तो आनंदाने सांगेल, फक्त तो सांगायला लागला की माझं ऐकू येणार नाही.

समुद्रकाठचं झाड. जाड, चकचकीत पान. पांढरी फुलं, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका, आणि वास असा की वाट वाकडी करून जावं. संस्कृतात पुन्नाग, शास्त्रीय नाव कॅलोफायलम इनोफायलम. खाऱ्या वाऱ्याला ते भीत नाही. त्याचं फळ समुद्रावर तरंगत दूर जातं, म्हणून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट ताहितीपर्यंत हे झाड दिसतं. तिकडे त्याला तमानू म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गुहागरला आजीच्या घरामागे दोन उंड्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलं खाली पडलेली फळं गोळा करायचो, निम्मी आजीला आणि निम्मी गोट्या खेळायला. आजी मोजून घ्यायची, त्यामुळे गोट्यांचा हिशेब रोज चुकायचा. कवच फोडलं की आत पांढरट गर. ताजा गर दाबून पाहा, बोटाला तेल लागतच नाही. तो उन्हात पसरायचा आणि दीड-दोन महिने राखायचा, अंगणात सूप आणि वर जुनं लुगडं. हळूहळू गर तांबूस होतो, मग तपकिरी, मग चिकट. मे महिन्यात आम्ही पुन्हा जायचो तेव्हा घाण्यावरून तेल आलेलं असायचं. हिरवट काळं, दाट, आणि वास भाजलेल्या मेथीसारखा, त्यात थोडं जुनं लाकूड. वाळलेल्या गरात निम्म्याहून जास्त तेल असतं, पण ते उन्हातल्या त्या दोन महिन्यांनी बाहेर येतं. घाई केली की हाती काही लागत नाही.

हे तेल कोनाड्यात दिव्यासाठी असायचं, आणि आजीच्या टाचांसाठी. लावणीनंतर तिच्या टाचांना भेगा पडायच्या, नखाचं टोक आत जाईल एवढ्या. रात्री ती कोमट पाण्यात पाय बुडवायची, फडक्याने टिपायची आणि ओलसर टाचेवर तेल चोळायची. मी एकदा सुक्या पायाला लावायला गेले तर म्हणाली, "बायो, आधी पाणी. पाण्याशिवाय तेल नुसतं वर बसतं." मी पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, पण तेलाबद्दल याहून नेमकं वाक्य कुणाकडून ऐकलं नाही. तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेलं पाणी उडून जाऊ देत नाही. म्हणून ते ओलाव्यावर लावायचं.

आता माझं दुःख. चार वर्षांपूर्वी इथल्याच एका मॉलमध्ये तमानू तेलाची बाटली दिसली. तीस मिली, आठशे रुपये, वर निळ्या समुद्राचं चित्र. घरी येऊन उघडली तर पाण्यासारखी फिकट आणि वास नाहीच. चष्मा लावून लेबल वाचलं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल. तमानू सहाव्या नंबरवर. पॅराफिन वाईट नाही हो, पाणी अडवायचं काम तेही करतं. पण मग बाटलीवर तमानू कशाला? आजीच्या कोनाड्यातल्या वस्तूचं नाव घ्यायचं, दाम घ्यायचा, आणि ती वस्तूच घालायची नाही, हे मला सहन होत नाही.

आणखी एक. काही जण खरं तेल घेतात पण ते शुद्ध करून रंग आणि वास काढून टाकतात. उंडीच्या कच्च्या तेलात राळेसारखा भाग असतो आणि कॅलोफायलोलाइडसारखी द्रव्यं त्यातच असतात. दाह कमी करण्याबद्दलचं प्रयोगशाळांमधलं काम याच द्रव्यांवर झालंय. ती काढली तर उरतं ते साधं स्निग्ध तेल. म्हणून हिरवट, दाट, वासाचंच तेल घ्या.

(चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. ठीक आहे, भराभर सांगते.)

टाचेच्या भेगा, कोरडी कोपरं, गुडघे, नखांच्या कडा यांना रात्री दोन-तीन थेंब. जुन्या वणांवर चोळतात, पण माणसांवरचे मोठे अभ्यास थोडे आहेत, तेव्हा वण जाईल असं वचन मी देणार नाही, कातडी मऊ राहते एवढं म्हणते. चेहऱ्यावर नुसतं लावू नका, फार जड आहे. एक भाग उंडी आणि नऊ भाग तीळतेल किंवा बदामतेल घ्या. मुरमं येणाऱ्यांनी चेहरा सोडूनच द्या. उघड्या जखमेवर, भाजल्यावर नको. मधुमेहींनी टाचेची भेग आधी डॉक्टरांना दाखवा. पोटात तर अजिबात घ्यायचं नाही, हे खायचं तेल नव्हे. काहींना पुरळ उठतं, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस थांबा. काचेच्या गडद बाटलीत ठेवा, आणि पांढऱ्या उशीला लागू देऊ नका, डाग निघत नाही.

बाटली फिरवते आहे, गुहागरहून आणलेली. झाकण उघडून वास घ्या, एक थेंब कोपराला लावा आणि पुढे द्या. शेवटच्या रांगेतून ती परत माझ्याकडे येऊ दे, अजून दोन भेगाळलेल्या टाचा घरी वाट बघतायत.