बेचाळिसाव्या वर्षी पहिला सिनेमा

नमस्कार मंडळी.

आजचा सिनेमा 'अस्तु' सुरू होण्याआधी त्याच्या लेखिका-दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांच्याविषयी थोडं बोल, असं समितीने मला सांगितलं. मी लगेच हो म्हटलं, कारण सुमित्राताई सिनेमाकडे कशा वळल्या, ही गोष्ट मला त्यांच्या सिनेमांइतकीच जवळची आहे.

जन्म १९४३ चा, पुण्यातला. शिक्षण फर्ग्युसनमध्ये, मग पुणे विद्यापीठातून एम.ए., मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये ग्रामीण समाजकार्याचा अभ्यास. काही काळ दिल्लीला आकाशवाणीवर बातम्या वाचल्या. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्थेत कितीतरी वर्षं शिकवलं. यात सिनेमा कुठेच नाही. फिल्म इन्स्टिट्यूट त्यांच्याच गावात, पण तिथे त्या विद्यार्थिनी म्हणून कधी गेल्या नाहीत.

मग झालं काय? झोपडपट्टीतल्या दलित बायकांच्या आयुष्याचा त्या अभ्यास करत होत्या. बायका आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगायच्या. त्यातल्या आठ जणींच्या कहाण्यांचं पुढे इंग्रजीत पुस्तकही झालं. पण जिची कहाणी, तिलाच वाचता येत नसेल तर पुस्तक तिच्या काय कामाचं? तिने विश्वासाने सांगितलेलं तिच्यापर्यंत परत कसं न्यायचं? सुमित्राताईंना उत्तर सापडलं ते सिनेमात. सिनेमा बघायला अक्षरओळख लागत नाही.

१९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. तेव्हा दिग्दर्शिकेचं वय होतं ४२. नवऱ्याबरोबर इथे परदेशात आलेल्या, व्हिसामुळे चांगली नोकरी सोडून घरी बसलेल्या माझ्या मैत्रिणी मला या वळणावर हमखास आठवतात. 'आता या वयात कुठे नवीन काही' असं त्या म्हणतात, तेव्हा मी त्यांना 'बाई'ची गोष्ट सांगते. सुमित्राताईंची शिकण्या-शिकवण्याची ती वर्षं मागे पडली नाहीत, तीच कॅमेऱ्यामागे कामाला आली.

सहदिग्दर्शक सुनील सुकथनकर यांच्याबरोबर जमलेली जोडी अखेरपर्यंत टिकली. १९९५ चा 'दोघी' हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, मग 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'नितळ'. 'देवराई'त स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाइतकंच त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचं दमणंही दिसतं. घरोघरी जाऊन ऐकलेल्या माणसालाच हे सुचतं. २०१७ मध्ये 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, तेव्हा त्या ७४ वर्षांच्या होत्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

आता आजच्या सिनेमाबद्दल थोडंसं. मुलगी 'आलेच' म्हणून गाडीतून उतरते. गाडीत बसलेले वडील संस्कृतचे मोठे पंडित, पण आता स्मृती हरवत चाललेले. त्यांना रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते त्याच्यामागे चालू लागतात. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पुण्याहून माझी आई एका फोनमध्ये तीनतीनदा विचारायची, "जेवलीस का गं?" मी चिडायचे. 'अस्तु' पाहिल्यावर माझं चिडणं एकदम गेलं असं नाही, पण फोन ठेवण्याची घाई मात्र सुटली.

या सिनेमाच्या संवादांसाठी सुमित्राताईंना राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि हत्तीवाल्याच्या बायकोच्या, चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांनाही. चन्नम्माकडे आज नीट बघा. समोरचा म्हातारा कोण, केवढा विद्वान, तिला काही ठाऊक नाही. तिची भाषा वेगळी, घरात चणचण. तरी ती त्याला पोटच्या लेकरासारखं जवळ घेते. झोपडपट्टीत बायकांसमोर मांडी घालून बसलेल्या आणि त्यांचं बोलणं मन लावून ऐकलेल्या बाईनेच चन्नम्मा लिहिलीय, असं मला दर वेळी वाटतं.