तीन पायांचे मांजर आणि आपली फरशी

मंडळी, मांजराचा पाय काढावा लागणार असे कळले, की घरातले लोक पहिल्यांदा विचारतात ते हेच, की जयपूर फूटसारखा एखादा पाय त्याला बसवता येईल का. बहुतेक वेळा येत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. गाडीखाली चिरडलेला पाय शक्यतो अगदी वरून, पुढचा असेल तर पुष्कळदा खवाट्यासकट काढतात, कारण अर्धवट उरलेला भाग चालताना जमिनीवर आपटून सतत सोलवटतो. मांजर आपला निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर तोलते. म्हणून मागचा पाय गेलेले लवकर सावरते, आणि पुढचा गेलेल्याला उंचावरून उतरणे अधिक काळ जड जाते.

चालायचे ते आपले आपणच शिकते. बदलायचे असते ते आपले घर. शाहाबादी फरशीच्या खडबडीत पृष्ठभागावर नखांना थोडाफार आधार मिळतो, पण आता घरोघर गुळगुळीत टाइल्स आल्या आहेत, आणि त्यांवर एकट्या पडलेल्या पायाखालची जमीन अक्षरशः सरकते. सोलापुरात जुन्या चादरींना तोटा नाही, हे खरे. परंतु चादर नुसती अंथरली तर ती मांजरासकट घसरते, म्हणून तिच्या कडा पलंगाच्या पायांखाली दाबाव्यात किंवा खाली रबरी जाळी घालावी. खिडकीच्या त्याच्या आवडत्या जागेखाली एक बुटके स्टूल ठेवावे. गच्चीचा दरवाजा मात्र बंदच बरा.

टाके निघेपर्यंतच्या दहा ते चौदा दिवसांत शौचाच्या ट्रेमध्ये वाळूऐवजी वर्तमानपत्राचे तुकडे घालावेत, म्हणजे जखमेत कण जात नाहीत. ट्रेची एक कड बुटकी असावी. कोपऱ्यात दडून बसणे, डोळे अर्धवट मिटणे ही दुखण्याची चिन्हे असू शकतात. दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही तर डॉक्टरांना कळवावे, कारण उपाशी मांजराचे, विशेषतः लठ्ठ असेल तर, यकृत बिघडते. घरातली पॅरासिटामॉल मात्र कदापि देऊ नये. आपल्याला साधी वाटणारी ती गोळी मांजराचा जीव घेते.

मागचा उजवा पाय नसलेले मांजर उजवा कान खाजवायला मान तिरकी करते आणि त्या बाजूची मांडी नुसतीच थरथरत राहते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. तो कान आपण खाजवावा, आतून मळला आहे का तेही पाहावे.

माझ्या मते खरा धोका आपल्या दयेचा आहे. ‘बिचारे’ म्हणून दिवसातून चारदा वाटी भरली जाते आणि वाढलेले वजन तीनच पायांच्या सांध्यांवर येते. महिन्यातून एकदा मांजराला उचलून काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे आणि दोन्ही आकड्यांतला फरक लिहून ठेवावा.