पाटी नंतर वाचा

नमस्कार. आज ठरलेला विषय असा की किनाऱ्यावरच्या गावातली शिल्पं मुलांना कशी दाखवावीत. माझं म्हणणं एका ओळीचं आहे: शेजारची माहितीची पाटी आधी वाचू नका. का, ते सांगतोच. पण आधी जिलाँगची गोष्ट, कारण मला हे तिथे उमगलं.

जिलाँग हे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातलं बंदर. तिथल्या एका जुन्या धक्क्याचे लाकडी खांब होते. जॅन मिचेल या कलावतीनं १९९०च्या दशकात त्यांची माणसं केली. शंभराहून जास्त! बँडवाले, खलाशी, जीवरक्षक, जुन्या तऱ्हेच्या पोहण्याच्या पोशाखातल्या बायका. खांबाचा गोलवा तसाच, हात अंगालगत रंगवलेले. पण चेहरे असे की आत्ता हाक मारतील.

माझी नात तेव्हा सहा वर्षांची. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खांब. मी माहिती सांगतोय आणि ती नुसती ‘हं’ म्हणतेय. ही ‘हं’ ज्यांच्या घरात मूल आहे त्यांना चांगली ठाऊक आहे. (हशा) आणि एकदम ती फतकल मारून बसली. खांबाच्या तळाशी एक ससा रंगवलेला होता. माझ्या गुडघ्याच्याही खाली, तिच्या अगदी नाकासमोर.

पुढचा दीड तास आम्ही फक्त ससे शोधले. ती प्रत्येक खांबाला वळसा घालायची, रंगाच्या पोपड्यावरून बोट फिरवायची, “हा घाबरलाय, तो नाही घाबरला” असं ठरवायची. नऊ सापडले. मग उभी राहिली आणि म्हणाली, “आजोबा, इथे एवढे ससे का?”

बघा, पाटीची वेळ आत्ता झाली! मग मी तिला सांगितलं, की १८५९ साली याच भागात, विंचेल्सीच्या बार्वन पार्कमध्ये, थॉमस ऑस्टिन या जमीनदारानं शिकारीसाठी इंग्लंडहून आणलेले ससे सोडले. त्यांची पिलावळ इतकी वाढली की देशभरची कुरणं त्यांनी फस्त केली. तिनं डोळे मोठे करून विचारलं, “म्हणजे हे चोर आहेत?” हा धडा तिनं स्वतः मागून घेतला होता, म्हणून आजही तिला तो पाठ आहे.

आता याच्या उलट. दुसऱ्या एका बंदरात (नाव घेत नाही) शाळेची सहल आली होती. पोरं रांगेत, मार्गदर्शक पाटी वाचतोय, पोरांचं लक्ष बगळ्यांकडे. एका मुलानं पत्र्याच्या माशाच्या तोंडात हात घातला, तर लगेच शिट्टी! मला त्याचा आजही राग येतो. अहो, मग माशाचा जबडा उघडा ठेवला कशाला? घरी कुणी पाव्हणा आला आणि मुलांना सांगितलं, त्याच्याशी बोलायचं नाही, तर कसं वाटेल?

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. बरं, मुख्य मुद्दा आता भराभर सांगतो.

मूल शिल्प हातानं बघतं, कानानं बघतं, मग डोळ्यानं. इंग्लंडमध्ये ऑल्डबरोच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर मॅगी हॅम्बलिंग यांची २००३ची पोलादी शिंपली आहे, चार मीटर उंच; पोरं तिच्यावर चढतात, चढू द्या. क्रोएशियात झादरला २००५ साली निकोला बाशिच यांनी पायऱ्यांखाली ३५ नळ्या बसवल्या. लाट आत शिरली की हवा दाबली जाते आणि पायरी वाजते. मुलाला पायरीवर कान टेकवून झोपू द्या, कपडे मळले तर मळले. नगरपालिकेत कुणी ओळखीचं असेल तर एवढं सांगा, की नवं शिल्प बसवताना त्यातलं काहीतरी गुडघ्याच्या उंचीवर ठेवा.

आणि लिव्हरपूलजवळ क्रॉस्बीच्या वाळूत अँटनी गॉर्मली यांनी स्वतःच्या देहाच्या साच्यावरून घडवलेले शंभर लोखंडी पुरुष उभे आहेत, समुद्राकडे तोंड करून. भरती आली की पाणी त्यांच्या कमरेला, छातीला, गळ्याला. मूल विचारेल, “ते बुडतायत का?” उत्तर द्यायची घाई करू नका. वाळूत बसा दोघं आणि बघत राहा. फक्त कडेच्याच पुतळ्यांपाशी जा, आत चिखल आहे. आणि भरतीचं वेळापत्रक आदल्या रात्रीच बघून ठेवा.