संगणकाला लघु-गुरू शिकवताना

श्रोतेहो, नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. इंग्रजीतील सॉनेटचा चौदा ओळींचा घाट त्यांनी १८९२ साली मराठीत आणला आणि पुढे तो सुनीत या नावाने रुळला. हा नवा घाट आणणारे केशवसुत शाळामास्तर होते. कविता, वर्ग आणि नवे तंत्र यांचे नाते कोकणात असे जुने आहे, म्हणूनच आज एक सूचना आग्रहाने मांडतो: वृत्ते शिकवताना मुलांकडून मात्रा मोजणारा प्रोग्रॅम लिहून घ्यावा.

‘क्षितिज’ हा शब्द घ्या. पायथन या संगणकभाषेत त्याची लांबी विचारली, तर उत्तर सात येते. कारण क, हलन्त म्हणजे पाय मोडल्याची खूण, ष, वेलांटी, त, पुन्हा वेलांटी आणि ज अशी सात चिन्हे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या लिपीसंकेतात, सुटी साठवलेली असतात. कानाला मात्र तीनच अक्षरे ऐकू येतात आणि तिन्ही लघु असतात. ही सात चिन्हे तीन अक्षरांत कशी बांधायची, हे मुलांनी स्वतः शोधावे; इथे शिक्षकांनी घाई करू नये.

पुढचे नियम परिचयाचे आहेत. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत, म्हणजे प्रत्येक चरणात लघु-गुरू-गुरू हा तीन अक्षरांचा गण चार वेळा, अक्षरे १२ आणि मात्रा २०. तपासणीला यापेक्षा सोयीचे काव्य नाही, कारण ते मुलांना पाठ असते. शिवाय पायथन एकदा बसवले की इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे ही सोय मोठीच म्हणायची.

खरी मौज जोडाक्षरांपाशी आहे. जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर गुरू होते, या नियमाने ‘सत्य’मधला ‘स’ गुरू ठरतो. पण ‘तुझ्या’मधल्या ‘तु’वर उच्चारात आघात येत नाही, म्हणून तो लघुच राहतो, आणि साधा प्रोग्रॅम नेमका तिथे चुकतो. अशा वेळी एकाने ओळ मोठ्याने म्हणावी, दुसऱ्याने ऐकून निर्णय द्यावा आणि तिसऱ्याने अपवादांच्या यादीत तो शब्द घालावा.

एवढे जमले की मंदाक्रांता हे वृत्त घ्यावे. तिथे १७ अक्षरांच्या चरणात चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर यती, म्हणजे म्हणताना घ्यायचा थांबा, येतो. शब्द तिथे तुटतो की संपतो, हेही आता प्रोग्रॅमला पाहावे लागेल.