आधी रक्त, मग चित्र

[सोनोग्राफीचा पडदा. प्रोब गळ्यावरून सरकतो आहे.]

मधोमध कमानीसारखी चमकणारी रेघ आणि तिच्यामागे अंधार, ती श्वासनलिका. तिला दोन्ही बाजूंनी बिलगलेला रवाळ राखाडी भाग म्हणजे थायरॉइड. आवंढा गिळला की वर सरकते, पुन्हा खाली येते. आणि तो बघा, उजवीकडचा गडद ठिपका. त्याच्या दोन टोकांना दोन फुल्या लागल्या. १८ मिलिमीटर.

चित्र इतकं स्वच्छ आहे, की उत्तर मिळालंच असं वाटतं. पण गाठ आहे आणि ती दिसते कशी, एवढंच त्यानं सांगितलं. ग्रंथी जास्त राबतेय की सुस्तावलीय, हे सोनोग्राफी खात्रीनं सांगू शकत नाही.

[सेंट्रिफ्यूज थांबतं. नळ्या बाहेर येतात.]

लाल खाली बसलं, वर पिवळसर सीरम उरलं. यात टीएसएच शोधायचं. हे थायरॉइडचं संप्रेरक नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीनं थायरॉइडला सोडलेला हुकूम. टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, निम्म्यावर आलं, तर हा हुकूम दुप्पट होत नाही, सुमारे शंभरपट होऊ शकतो. म्हणून टी-४ अजून मर्यादेत असतानाच टीएसएच बोलायला लागतं.

एवढीशी मात्रा मोजायची कशी, याचं उत्तर इन्सुलिनमधून आलं. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये भौतिकशास्त्रज्ञ रोझलिन यॅलो आणि डॉक्टर सॉलोमन बर्सन इन्सुलिनला किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून ते रक्तात किती वेळ टिकतं, ते बघत होते. इन्सुलिनची इंजेक्शनं घेतलेल्यांच्या रक्तात ते रेंगाळत होतं, कारण शरीरानं त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली होती. हे सांगणारा निबंध आधी नाकारला गेला. ते नकाराचं पत्र यॅलोंनी जपून ठेवलं आणि १९७७ च्या नोबेल व्याख्यानात सादर केलं. बर्सन १९७२ मध्येच गेले होते. त्याआधीच या दोघांनी त्याच प्रतिपिंडांचा तराजू केला होता. खुणेचं इन्सुलिन आणि रुग्णाचं इन्सुलिन प्रतिपिंडावरच्या जागेसाठी झगडतात. खुणेचं जितकं बाहेर ढकललं जाईल, तितकं रुग्णाच्या रक्तात जास्त. आजच्या यंत्रांत बहुधा किरणोत्साराच्या जागी प्रकाश आला, रचनाही बदलली. प्रतिपिंडानं पकडायचं, हे मात्र तेच.

(केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर रक्त देण्याआधी सांगा. मोठी मात्रा असेल तर काही यंत्रांत टीएसएच खोटंच कमी दिसतं.)

[गॅमा कॅमेरा. काळ्या पडद्यावर ठिपके जमू लागतात.]

आमच्या चित्रीकरणातलं सगळ्यात देखणं दृश्य हे. शिरेतून किरणोत्सारी टेक्नेशियम दिलंय, दर ६ तासांनी निम्मं होणारं. थायरॉइड ते ओढून घेते. ठिपक्याठिपक्यानं फुलपाखरू उमटतंय. पण इथं यायला आधी रक्तानं प्रश्न विचारावा लागतो. टीएसएच दबलंय, टी-४ चढलंय, मग जास्तीचं संप्रेरक येतंय कुठून? सगळं फुलपाखरू पेटलं, तर बहुधा ग्रेव्हज, म्हणजे शरीराचीच प्रतिपिंडं सगळ्या ग्रंथीला राबवतात तो आजार. एकच कोपरा पेटला, तर ती गाठ.

आणि कधी गळा जवळपास रिकामाच दिसतो. सूज येऊन थायरॉइडमधला साठा सांडला की असं होतं. हे नेहमीचं कारण. पण अगदी क्वचित, आयोडीन देऊन कॅमेरा ओटीपोटापर्यंत नेला, की चमक तिथं सापडते. बीजांडकोशात थायरॉइडच्या ऊतीची गाठ. तिला स्ट्रुमा ओव्हरी म्हणतात. नळीतला आकडा गळ्याच्या चित्राशी जुळला नाही, म्हणून कॅमेरा खाली गेला.

[प्लॅस्टिकचा कॅन. त्यावर चिकटपट्टी, वेळ लिहिलेली.]

दिसायला यात काहीच नाही. २४ तासांची लघवी. झटक्यासरशी डोकं ठणकणं, दरदरून घाम, धडधड, चढणारं ब्लडप्रेशर. संशय फिओक्रोमोसायटोमाचा, म्हणजे मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीतल्या दुर्मीळ गाठीचा. ती सोडते त्या संप्रेरकांचे अवशेष म्हणजे मेटानेफ्रिन. ते लघवीत मोजतात किंवा रक्तात. रक्तात मोजायचं, तर रुग्णाला आधी २० ते ३० मिनिटं आडवं पडून राहावं लागतं. उठून बसलं तरी आकडा चढतो. तो पक्का झाला की सीटी किंवा एमआरआय, गरज पडली तर पेट स्कॅन. मेटानेफ्रिन न मोजताच गाठीत सुई घातली, तर संप्रेरकांचा लोंढा सुटून जिवावर बेतू शकतं.

आणि आधी चित्रच काढलं तर? त्रास नसलेल्यांच्याही गळ्याच्या सरसकट सोनोग्राफीचा हिशेब दक्षिण कोरियात दिसला. १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १५ पट झालं, मृत्यूचं होतं तिथंच राहिलं.

[बारीक सुई. काचेवर थेंब. मायक्रोस्कोप.]

१८ मिलिमीटरच्या त्या गाठीकडे परत येऊ. टीएसएच मर्यादेत, कडा धूसर, म्हणून सुई. थेंब दुसऱ्या काचेनं पसरला, रंगवला. भिंगाखाली मधाच्या पोळ्यासारख्या एकसारख्या पेशींचे पुंजके, भोवती कोलॉइड, म्हणजे थायरॉइडमधला चिकट द्रव. बेथेस्डा पद्धतीत निकालाचे ६ वर्ग आहेत. अहवालात टाइप होतंय, वर्ग २. गाठ निरुपद्रवी, काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी.

[निवेदन नाही. बाहेरच्या बाकावरचा चेहरा, दार उघडतं.]