दापोडीचा प्रश्न

(दृश्य : १ एप्रिल, सकाळचे सहा. जर्मनीत श्टुटगार्टच्या कडेचं एक भाड्याचं गॅरेज. शटर वर जातं. आत लाल पोर्शे ९४४.)

पाच महिने ही इथेच उभी होती. तिची नंबरप्लेट हंगामी आहे, एप्रिल ते ऑक्टोबर. बाकीचे महिने ती रस्त्यावर आणायची नाही असा कायदा आहे, आणि आणावी असं मलाही वाटत नाही. हिवाळ्यात बर्फ वितळवायला इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि जुन्या गाडीच्या पत्र्याला मिठाइतका दुसरा वैरी नाही.

किल्ली फिरवायच्या आधी मी खाली वाकते. गाडीखाली नोव्हेंबरपासून पुठ्ठा अंथरलेला असतो. टॉर्चच्या उजेडात त्यावरचे डाग बघायचे. काळा असेल तर इंजिन ऑइल, तांबूस असेल तर पॉवर स्टीअरिंग, हिरवट असेल तर कूलंट. डाग कुठे पडलाय, यावरून कुठलं सील थकलंय ते कळतं.

(दृश्य : इंजिन चालू होतं. कॅमेरा बॉनेटखाली.)

हे इंजिन सरळ उभं नाही, ४५ अंशात एका बाजूला कललेलं आहे. पोर्शेच्या ९२८ या दुसऱ्या गाडीत ९० अंशांचं व्ही-एट होतं, म्हणजे चार-चार सिलिंडरांच्या दोन तिरक्या रांगा, आणि त्यातली एक रांग म्हणजे ९४४ चं इंजिन, असं ढोबळमानाने म्हणता येईल. चार सिलिंडर, २,४७९ सीसी, युरोपातल्या मॉडेलला १६३ अश्वशक्ती. चार सिलिंडरांचं एवढं मोठं इंजिन थरथरतं. म्हणून त्यात दोन बॅलन्स शाफ्ट, म्हणजे थरथर मारणारे दांडे, बसवले, क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दुप्पट वेगाने फिरणारे. ते तंत्र पोर्शेने मित्सुबिशीकडून परवान्यावर घेतलं होतं. या शाफ्टना स्वतःचा वेगळा पट्टा असतो. तो लक्षात ठेवा.

इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, मधे त्यांना जोडणारी लांब नळी. त्यामुळे वजन पुढेमागे जवळजवळ सारखं वाटलं जातं, आणि वळणावर ही गाडी जशी शांत बसते तशी माझ्या माहितीतली दुसरी कुठलीच बसत नाही. १९८२ ते १९९१ या काळात अशा सुमारे १ लाख ६३ हजार गाड्या तयार झाल्या, त्यातल्या बहुतेक इथून उत्तरेला नेकार्सउल्मच्या आउडी कारखान्यात. माझी १९८६ ची आहे.

(दृश्य : बाबांचा जुना फोटो. निळा डगला, हातात पाना, मागे लाल एसटी.)

बाबा एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. मी ही गाडी घेतली त्या उन्हाळ्यात ते आणि आई इथे आले होते. मी मोठ्या उत्साहाने त्यांना गॅरेजवर नेलं. कितीला घेतली, किती पळते, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. बॉनेट उघडायला लावलं, थोडा वेळ नुसतं ऐकलं, आणि म्हणाले, "अगं, पट्टा कधी बदललाय?"

सर्व्हिसच्या वहीत शेवटची नऊ वर्षं कोरी होती. मी म्हटलं, "बाबा, आधीचे मालक म्हणाले, चांगला दिसतोय."

"दिसण्यावर जाऊ नकोस. तारीख काय?"

तारीख नव्हती. त्या दिवशी गाडी गॅरेजबाहेर निघाली नाही.

बाबा विचारत होते तो टायमिंग बेल्ट, क्रँकशाफ्टवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणारा मुख्य पट्टा. या इंजिनात तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, आणि खर्च कधी कधी गाडीच्या किमतीपर्यंत जातो. पट्टा तुटण्याआधी आवाज करत नाही, वास येत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. म्हणून किलोमीटर होवोत न होवोत, चार वर्षांनी तो काढायचाच. उभ्या गाडीचं रबरही म्हातारं होतं.

(दृश्य : उघडं पडलेलं इंजिन, पट्टे, पुल्या. बाबांचे हात.)

ते काम आम्ही दोघांनी चार दिवस केलं. बाबांनी तोवर बस आणि ट्रकची डिझेल इंजिनं उघडली होती, हे पहिल्यांदाच बघत होते. झाकण निघालं तेव्हा ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग बोट ठेवून म्हणाले, "हे दोन पट्टे कशाला?" मी त्यांना बॅलन्स शाफ्ट समजावून सांगितले. लहानपणापासून समजावून सांगणारे ते आणि ऐकणारी मी, अशी आमची वाटणी होती. त्या दिवशी ती उलटी झाली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी अजून विसरलेले नाही.

पट्ट्याच्या पाठीवर बारीक भेगा होत्या. क्रँकच्या पुढच्या सीलमधून ऑइल झिरपून एक कड ओली झाली होती. मग नुसता पट्टा बदलून भागत नाही. रोलर नवे, पुढची सगळी ऑइल सील नवी, आणि वॉटर पंपही नवा, कारण पंप याच पट्ट्यावर फिरतो. जुना पंप अडकला तर नव्या पट्ट्यालाही सोबत घेऊन जातो.

फ्लायव्हीलवरची (क्रँकशाफ्टच्या टोकाच्या जड चाकावरची) खूण तपासायच्या खिडकीत आणायची, कॅमशाफ्टची खूण झाकणावरच्या खुणेसमोर. एक दात इकडेतिकडे चालत नाही. माझ्या मॉडेलला पट्टा आपोआप ताणणारी स्प्रिंग नाही, ती पुढच्या वर्षी आली. ताण हातानेच बसवावा लागतो. त्यासाठी खास मापक असतं, ते मी एका ओळखीच्या मेकॅनिककडून उसनं आणलं होतं. बाबांनी आधी दोन बोटांत पट्टा धरून पीळ देऊन बघितला, "अजून थोडा" म्हणाले, आणि मग मापक लावू दिलं. शेवटी लांब पाना घालून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं. कुठे काही अडलं तर ते हाताला कळतं, स्टार्टरला कळत नाही. आतापर्यंत मी हेच शिकले आहे : ज्या गोष्टी हाताला कळतात त्या यंत्रावर सोडायच्या नाहीत.

क्लचचं काम नंतर निघालं. गिअरबॉक्स मागे असल्याने क्लचपर्यंत पोचायला सायलेन्सर, ड्राइव्ह शाफ्ट, गिअरबॉक्स आणि ती लांब नळी, सगळं सरकवावं लागतं. मूळ क्लच प्लेटच्या मधोमध रबर असतं. ते तुटलं की गाडी निघताना धक्का देते. आणि डीएमई नावाचा एक छोटासा रिले असतो, इंजिनाच्या संगणकाला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा. त्याच्या आतले सोल्डरचे टाके वयाने तडकतात आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जादा रिले कायम असतो.

या गाडीचा पत्रा जस्त चढवलेला आहे. पाण्याचे निचरे मोकळे ठेवले आणि बॅटरीखालची तबकडी कोरडी ठेवली तर तो अजून खूप टिकेल. पैसा आणि वेळ जातो तो रबर, प्लास्टिक आणि वायरींच्या टोकांवर. ९४४ स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांना मी हेच सांगते, गाडीची किंमत हा पहिला हप्ता धरा.

तीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला जर्मनीत नंबरच्या शेवटी एच हे अक्षर मिळतं. कर वर्षाला १९१.७३ युरो, ठरलेला. मला त्या अक्षराचा अभिमान आहे, कारण ते देण्याआधी तपासनीस गाडीखाली शिरून बघतो.

(दृश्य : संध्याकाळ. झाडीतून जाणारा वळणाचा रस्ता.)

हा सोलिट्यूडचा रस्ता. १९६५ पर्यंत इथे मोटारींच्या शर्यती व्हायच्या, सव्वाअकरा किलोमीटरहून थोडी जास्त लांबीची फेरी. आता रोजचा रस्ता आहे, वेगमर्यादा पाळायची. तिसऱ्या गिअरमध्ये एका वळणातून दुसऱ्या वळणात शिरताना गाडी जराही डगमगत नाही. अंधार पडू लागतो. मी दिवे लावते आणि एरवी बॉनेटमध्ये मिटलेले दोन्ही डोळे एकदम वर येतात, एकाच मोटरने, मधल्या दांड्याने जोडलेले.

(दृश्य : पुन्हा गॅरेज. पट्ट्यावरचं झाकण उघडं.)

नवा पट्टा ३,००० किलोमीटरनंतर थोडा सैल होतो, तो पुन्हा ताणून घ्यावा लागतो. बाबा तेव्हा पुण्याला परतले होते. मी मापक लावलं, ताण बसवला, झाकणाच्या आत रंगाच्या पेनाने तारीख लिहिली आणि तिचा फोटो त्यांना पाठवला.

तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. उत्तर लगेच आलं.

"आणि दुसरा पट्टा?"