गोंगाट की गर्दी?

श्रोतेहो, नमस्कार.

माझा हा आवाज तुमच्यापैकी काहीजण साध्या रेडिओ संचावर ऐकत असतील, काहीजण मोबाइलवर, इंटरनेटवरून. संचावरचं स्टेशन जरा सरकलं की खरखर सुरू होते. माझे शब्द येत राहतात, पण त्या खरखरीतून वेचून घ्यावे लागतात. मोबाइलवर तसं होत नाही. तिथे आवाज स्वच्छ येतो आणि एखाद्या वाक्याच्या मध्येच अडकतो. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहतं, आणि मग पुढचं वाक्य येतं.

डिजिटल कम्युनिकेशन आणि कॉम्प्युटर नेटवर्किंग हे विषय मी पदव्युत्तर वर्गाला बरीच वर्षं शिकवते आहे. ही खरखर आणि हे अडकणं, या दोन त्रासांभोवती आमचा सगळा अभ्यास फिरतो. पहिला त्रास गोंगाटाचा, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या नॉइजचा. दुसरा बहुतेक वेळा गर्दीचा.

आधी गोंगाटाबद्दल. १९४८ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या क्लॉड शॅनन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तोवर इंजिनिअर असं धरून चालत की चुका कमी करायच्या तर पाठवण्याचा वेग कमी करत जायला हवा, आणि चुका अगदी नाहीशा करायच्या तर वेगही जवळजवळ शून्यावर येणार. शॅनन यांनी दाखवलं की तसं नाही. प्रत्येक वाटेची एक क्षमता असते. ती दोन गोष्टींवर ठरते: किती रुंद फ्रिक्वेन्सीचा पट्टा हाताशी आहे, आणि सिग्नल गोंगाटापेक्षा किती पट जोरदार आहे. जुन्या टेलिफोनच्या तारेचं उदाहरण घ्या. पट्टा सुमारे ३,१०० हर्ट्‌झचा आणि सिग्नल गोंगाटाच्या हजारपट असेल, तर क्षमता सेकंदाला साधारण ३१,००० बिट येते. बिट म्हणजे शून्य किंवा एक. या मर्यादेच्या आत राहिलात तर चुका हव्या तितक्या कमी करता येतात. पण त्यासाठी कोड, म्हणजे चुका ओळखून दुरुस्त करता येतील अशी बिटांची मांडणी, कसा बांधायचा, हे शॅनन यांनी सांगितलं नाही. असा कोड असतो एवढंच सिद्ध केलं. पुढची अनेक दशकं लोक तो शोधत राहिले.

त्या शोधातली एक गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते, कारण ती एका प्रबंधाची आहे. रॉबर्ट गॅलॅगर यांनी १९६० साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आपल्या डॉक्टरेटसाठी कोडचा एक नवा प्रकार मांडला. आज त्याला एलडीपीसी म्हणतात. त्या काळच्या संगणकांना तो झेपणारा नव्हता, म्हणून तो बाजूला पडला. १९९३ मध्ये टर्बो कोड नावाचे दुसरे कोड आले, शॅनन यांच्या मर्यादेच्या अगदी जवळ पोचता येतं हे सगळ्यांनी पाहिलं, आणि मग गॅलॅगर यांचं काम पुन्हा हाती घेतलं गेलं. आज ५जी मोबाइलचा डेटा याच जातीच्या कोडमध्ये बांधून हवेत सोडला जातो.

प्रयोगशाळेत हा गोंगाट डोळ्यांनी दिसतो. पडद्यावर चार ओळींत चार-चार असे सोळा ठिपके असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे सिग्नलचं एक ठरलेलं रूप, आणि प्रत्येकामागे चार बिट. गोंगाटाचं बटण हळूहळू फिरवत नेलं की रेखीव ठिपका आधी धुरकट होतो, मग पसरतो, आणि एका क्षणी शेजारच्या ठिपक्याच्या हद्दीत शिरतो. तिथे चूक होते. हे एकदा पाहिलेल्या विद्यार्थ्याला ‘रेंज कमी झाली की वायफाय हळू का होतं’ हे समजावून सांगावं लागत नाही. यंत्र ठिपक्यांची संख्या कमी करतं, त्यांच्यात अंतर पडतं, आणि प्रत्येक ठिपक्यामागे कमी बिट जातात.

आता गर्दी. नेटवर्कमध्ये माहितीचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेटं, होतात आणि ती राउटरच्या, म्हणजे त्यांना पुढच्या वाटेला लावणाऱ्या यंत्राच्या, दारात रांगेत उभी राहतात. रांगांचं गणित टेलिफोन एक्स्चेंजसाठी डेन्मार्कच्या एर्लांग यांनी १९०९ मध्येच सुरू केलं होतं. त्यातलं सर्वांत साधं मॉडेल सांगते. लिंक, म्हणजे पॅकेटं जाण्याची वाट, निम्मी भरलेली असेल तर पॅकेटला, रांगेसकट, एरवीच्या दुप्पट वेळ लागतो. ९० टक्के भरली की दहापट आणि ९९ टक्क्यांवर शंभरपट. म्हणजे त्या शेवटच्या नऊ टक्क्यांनी वेळ दहापट वाढवला. फळ्यावर हा आलेख काढताना खडू सरळ वर जातो, आणि वर्ग गप्प होतो.

१९८६ च्या ऑक्टोबरमध्ये हे प्रत्यक्षात घडलं. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर ४०० यार्डांचं. त्यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. पॅकेटं हरवत होती, म्हणून प्रत्येक संगणक ती पुन्हा पाठवत होता आणि रांग आणखी वाढवत होता. त्याच प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावरचा उपाय मांडला: पॅकेट हरवलं की वाटेत गर्दी आहे असं समजा आणि पाठवण्याचा वेग कमी करा. त्यानंतरच्या टीसीपीत, म्हणजे इंटरनेटवर पॅकेटं पाठवण्याच्या नियमांत, हे तत्त्व मुरलं, आणि इंटरनेट त्यावर तगलं.

आता गोंगाट आणि गर्दी या दोन गोष्टी शेजारी ठेवा. ‘हरवलं म्हणजे गर्दी’ हे तारांच्या जाळ्यात जवळजवळ खरं होतं. पण हवेतून जाणारं पॅकेट गोंगाटानेही हरवतं. रस्ता मोकळा असतो, एखादा ठिपका शेजारच्या हद्दीत गेलेला असतो, आणि टीसीपी मात्र गर्दी समजून पाय आखडतो. खरं तर तिथे लगेच पुन्हा पाठवायला हवं. वायफाय हरवलेलं पॅकेट स्वतःच परस्पर पुन्हा पाठवून हे झाकतं, पण त्यात वेळ जातो. २०१६ मध्ये गूगलच्या इंजिनिअरांनी बीबीआर ही पद्धत मांडली. मूळ रूपात ती हरवण्याला गर्दीची खूण मानतच नाही, वाटेचा वेग आणि जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजते.

माझी तक्रार इथेच आहे, आणि ती मनापासूनची आहे. बहुतेक ठिकाणी गोंगाट एका सत्रात शिकवला जातो, गर्दी दुसऱ्यात. शिक्षक वेगळे, प्रयोगशाळा वेगळ्या. विद्यार्थी दोन्ही पेपर चांगल्या गुणांनी सोडवतात, आणि मग एखादी लिंक हळू चालते तेव्हा कुठे पाहायचं हे त्यांना कळत नाही. म्हणून या विषयांच्या पदव्युत्तर वर्गाला प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाची पानं नीट उलटून पाहा. संभाव्यता पहिल्याच सत्रात आहे का? तिच्याशिवाय गोंगाट कळत नाही आणि रांगही नाही. रेडिओ आणि राउटर एकाच टेबलावर ठेवून काम करू देतात का? प्रकल्पाला निदान सहा महिने देतात का? राउटरला कमांड कशा द्यायच्या हे प्रमाणपत्राच्या छोट्या अभ्यासक्रमातही शिकता येतं, आणि नोकरीसाठी ते उपयोगी आहे. त्यासाठी दोन वर्षं देऊ नका.

एका विद्यार्थ्याबद्दल सांगते. तो वायरलेस लिंकवरून एक मोठी फाइल पाठवत होता आणि वेग दर काही सेकंदांनी निम्म्यावर येत होता. येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणाऱ्या वायरशार्क या प्रोग्रामच्या पडद्यावर काळ्या पट्ट्यांवर लाल अक्षरं उमटत होती: तीच पोच, पुन्हा तीच पोच, तिसऱ्यांदा तीच. मधलं पॅकेट हरवल्याची ती खूण. त्याने राउटरचा बफर, म्हणजे रांगेसाठीची जागा, दुप्पट केला. काही फरक पडला नाही. दोन आठवडे तो बफरच बदलत राहिला. मग एका संध्याकाळी त्याने तीन नोंदी एका कागदावर वेळेनुसार ओळीत मांडल्या: पॅकेट कधी हरवलं, त्या क्षणी रांगेत किती पॅकेटं होती, आणि सिग्नल किती जोरदार होता. हरवण्याच्या जवळजवळ प्रत्येक क्षणी रांग रिकामी होती. म्हणजे गर्दी नव्हतीच.

तो कागद घेऊन धावत आला तेव्हा त्याचा प्रश्न तयार होता: हे टीसीपीला सांगायचं कसं? राउटरने गर्दी होताच पॅकेटवर खूण करायची, टाकून द्यायचं नाही, अशी सोय २००१ पासून ठरलेली आहे. खूण आली तर गर्दी, खुणेशिवाय हरवलं तर बहुधा गोंगाट, असा त्याचा विचार. मी विचारलं, वाटेतल्या एखाद्या राउटरने खूण केलीच नाही तर? तो थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिला, मग खुर्ची ओढून बसला, आणि आम्ही कामाला लागलो.

नमस्कार.